पातीतले जीव

शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत हिंमतराव पाटलांचा विहिरीचा मळा होता, आणि त्या मळ्याची एक कड उमरावबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत जात होती. मधे कंबरेएवढं शेराच्या झुडपांचं कुंपण. उमरावबाईंचे यजमान इंदरमल शेठ वारले होते. किराणा दुकान आता मुलगा रिखबचंद बघायचा. घर जैनांचं, त्यामुळे कांदा, लसूण, बटाटा यातलं काही उंबरठ्याच्या आत येत नसे. प्यायचं पाणी मात्र पाटलांच्याच विहिरीचं जायचं, कारण गावात तेवढंच गोड होतं. वीस वर्षांचा शेजार होता आणि कधी वाकडा शब्द झालेला नव्हता.

एकोणीसशे चौतीस साली मार्गशीर्षात हिंमतरावांच्या बायकोनं, जमनाबाईनं, भिंतीलगतच्या तुकड्यात कांदा लावला. मळ्यात काय लावायचं ते तोवर हिंमतरावच ठरवत आले होते. केळी आणि कपाशी, तिसरं काही नाही. दोन वर्षं मागं लागून जमनाबाईनं तो तुकडा आपल्यासाठी मागून घेतला होता. रोप तिनं तापीकाठच्या माहेराहून ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीतून आणलं. वाफे स्वतः उभं राहून बांधून घेतले. लावणीच्या दिवशी कुंपणापलीकडून उमरावबाई बघत होत्या.

"जमना, कांदा आठेच लावना व्हता का?" त्या म्हणाल्या. "मन्ही सामायिकनी खिडकी शे ना हाई."

सामायिक म्हणजे त्यांची रोज सकाळची उपासना; तासभर एका जागी मुकाट बसायचं. कांद्याचा वास थेट त्या खिडकीतून आत येणार होता.

"काकी, वास ते काढणीले येई. तवपावत खिडकी लाई घ्या," जमनाबाई हसून म्हणाली. उमरावबाई हसल्या नाहीत. खिडकीचं दार ओढून घेऊन आत गेल्या. तेव्हा त्याचं जमनाबाईला काही वाटलं नव्हतं.

पौष संपता संपता पात पांढरी पडू लागली. आधी कुंपणाकडच्या दोन वाफ्यांत. हिरव्यागार पातीवर मधेच बोटभर लांबीचा डाग, तिथलं हिरवं सगळं गेलेलं आणि नुसता पातळ पापुद्रा राहिलेला. पापुद्र्यातून पलीकडचं बोट दिसावं इतका पातळ. चार दिवसांत पात तिथून मोडून खाली लोंबायची. उकळतं पाणी पडल्यावर भाजी जशी मलूल होते, तशी.

उकळतं पाणी. हा विचार एकदा मनात आला आणि जमनाबाईच्या डोक्यातून जाईना. उमरावबाईंच्या घरात रोज हंडाभर पाणी उकळतं, कारण त्या कच्चं पाणी पीत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. एवढं पाणी उकळतं तर उरलेलं जातं कुठे?

मग आजवर सहज वाटलेल्या गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. उमरावबाई सकाळी कुंपणापाशी घुटमळताना दिसायच्या. उमरावबाई रोज सकाळी पाणी गाळून झाल्यावर गाळण्याचं फडकं एका तांब्यात धुवायच्या आणि तो तांब्या विहिरीवर आणून हळूच आत ओतायच्या. पाण्यातले जीव पाण्यात परत जावेत, एवढाच त्यातला हेतू. जमनाबाईनं हे वीस वर्षं पाहिलेलं होतं. पण त्या आठवड्यात ती मोटेच्या धावेवर, बैलांच्या उतारावर, उभी राहून तांब्याकडे टक लावून बघत राहिली. आत फडक्याचंच पाणी आहे कशावरून? आणि तेच पाणी मोटेनं वर येऊन आपल्या वाफ्यांत जात नाही कशावरून?

"काय देखस, जमना?" उमरावबाईंनी विचारलं.

"काही नही, काकी."

उमरावबाईंनी नजर वळवली. ती जरा लवकरच वळवली, असं जमनाबाईला वाटलं.

एक दिवस तिनं लोंबलेली पात तोडून नखानं उभी फाडली. कांद्याची पात पोकळ असते. त्या पोकळीत काळी ओलसर भुकटी होती. तिनं आणखी तीन पाती फाडल्या. तिन्हींत तीच भुकटी. भुकटी तळहातावर घेऊन ती मोटेकडे गेली.

"हाई देखा."

हिंमतरावांनी बैल थांबवले. "काय शे?"

"पातमा निंघनं. पातले वरून भोक दिसत नही, काही नही. मंग हाई आत कसं गयं?"

त्यांनी भुकटी बोटावर घेऊन हुंगली. "अळीनी लेंडी व्हई."

"मंग अळी कोठे शे? चार पाती फाडी देख्यात. एकमा बी नही."

चारही पाती तिनं मेलेल्याच निवडल्या होत्या. हिरवी, ताठ पात फाडायला तिचा जीव झाला नव्हता. पण हे तिच्या ध्यानात आलं नाही आणि हिंमतरावांनीही विचारलं नाही.

"मंग कोनी टाकं म्हनस तू?"

"शेठाणी रोज सकाळी कुंपनजोडे काय करस, ते इचारा."

हिंमतराव मोठ्यानं हसले. "मुंगी दिसनी ते वाट सोडी चालस ती बाई. ती तुन्हा कांदा मारी?"

पण भुकटी त्यांनी फेकली नाही. धोतराच्या टोकात बांधून घेतली. बैल पुन्हा हाकताना त्यांची नजर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, खात्याच्या झोपडीकडे गेली, ती जमनाबाईला दिसली.

खात्या भिल्ल होता, सातपुड्यातल्या पाड्यावरचा. सहा वर्षं तो मळ्याची राखण करत होता. त्याला पाल्यामुळ्यांची माहिती होती. ताप आला, बैलाला जखम झाली, की गाव त्याच्याकडे यायचं, आणि ज्या कारणासाठी यायचं त्याच कारणासाठी त्याला थोडं भ्यायचंही. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवसांची सुटी मागितली होती. कपाशीची वेचणी चालू आहे म्हणून हिंमतरावांनी ती दिली नव्हती. खात्या काही बोलला नव्हता. आता हिंमतरावांना त्याचं ते न बोलणंच आठवू लागलं.

जमनाबाईचा संशय मात्र हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत ती केळीच्या ओळीत जाऊन बसली. तिथून कुंपण सरळ दिसत होतं.

उमरावबाई मागच्या दारानं बाहेर आल्या. एका हातात वाटी होती, तिच्यावर फडकं टाकलेलं. दुसऱ्या हातात पूंजणी, म्हणजे लोकरीच्या धाग्यांचा मऊ कुंचा, जमिनीवरचा किडा-मुंगी न दुखावता बाजूला सारायचा. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग कुंपणावरून ओणवून हात लांब केला, वाटी कांद्याच्या पातीवर उपडी धरली आणि पूंजणीनं आतलं काहीतरी अलगद झाडलं. ओठ हलत होते. दोनदा, तीनदा झाडलं आणि त्या घाईनं आत गेल्या.

जमनाबाई धावत त्या वाफ्यापाशी गेली. भुकटी कुठेच दिसेना. पातीला हात लावताच एक बारीक तपकिरी पाखरू उडालं. पाठीवर पांढरा ठिपका होता. तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती वाकून मातीत काय सांडलं ते शोधत होती.

सापडलं काहीच नाही. तरी आता तिला कुणी काही पटवायची गरज नव्हती. ती तशीच मातीच्या हातांनी उमरावबाईंच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकी, मी देखं. वाटीमा काय व्हतं?"

उमरावबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"मन्हा कांदाले तुम्ही काय टाकी ऱ्हायनात?"

"मी काही वाईट नही टाकं, जमना."

"मंग काय टाकं? सांगा."

उमरावबाई सुपाकडे बघत राहिल्या. चेहरा उतरला होता. मग त्या म्हणाल्या, "तू माले इचारू नको."

"का बरं?"

"इचारू नको, बेटा. मी खोटं बोलावू नही, आनी खरं माले सांगता येत नही."

हे ऐकून जमनाबाईच्या अंगाची आग झाली. चोर निदान खोटं तरी बोलतो. ही बाई तोंडावर सांगते की खरं सांगणार नाही. "वीस वरीस पानी नेलं मन्ही विहीरनं," ती म्हणाली. "आते ऱ्हाऊ द्या." आणि ती वळून चालू लागली. पाठीमागून हाक येईल असं तिला वाटलं. आली नाही.

ती घरी पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. हिंमतरावांनी खात्याच्या झोपडीची झडती घेतली होती आणि आढ्याला टांगलेला एक वाळका, पोकळ भोपळा सापडला होता. भोपळ्यात काळी भुकटी. धोतराच्या टोकातली भुकटी सोडून त्यांनी शेजारी ठेवली. रंग एकच.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

"बैलनं औषध, पाटील," खात्या म्हणाला. "खांदाले लावानं. मी कांदाले काही नही करं."

"लगीनले जाऊ दिधं नही म्हनीसन आसं करं तू?"

"नही, पाटील."

दुसऱ्या सकाळी त्याला पोलीस पाटलाबरोबर शहाद्याला धाडायचं ठरलं. भिल्लाचं नाव एकदा चौकीत लिहिलं गेलं की पुढे कुठेही चोरी झाली तरी आधी त्याला बोलावणं येतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. खात्याला गोठ्यात बसवलं आणि दोन गडी दाराशी राहिले.

जमनाबाई ओट्यावर उभी होती. भोपळ्यातली भुकटी तिनं ओळखली होती. मोटेच्या तांबड्या बैलाच्या खांद्याला ती गेल्या पावसाळ्यात खात्यानं तिच्यासमोर लावली होती. तेल तिनंच दिलं होतं. हे सांगायला तिनं तोंड उघडलं. पण अंगणात वीस पुरुष होते, आणि आजवर त्या अंगणात तिनं नवऱ्याचा शब्द खोटा पाडलेला नव्हता. संध्याकाळी सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. संध्याकाळी हिंमतराव जेवले, उठले, आणि ते राहून गेलं.

सकाळी खात्याची बायको कमलीबाई रिखबचंदच्या दुकानापुढे येऊन बसली. ती त्यांच्याकडे चुलीची लाकडं आणून टाकायची. रडत नव्हती. "शेठ, तुम्ही पाटीलले सांगा," एवढंच ती परत परत म्हणत होती. रिखबचंद म्हणाला, की हा पाटलांच्या घरचा मामला, आम्ही व्यापारी माणसं, आम्ही मधे पडणं बरं नाही. आतल्या दारात उमरावबाई उभ्या होत्या. त्यांनी कमलीबाईला काय झालं ते सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. भुकटीचं ऐकल्यावर त्यांनी दाराची चौकट धरली.

"भाबू, तू आत जा," रिखबचंद आईला म्हणाला.

त्या आत गेल्या नाहीत. अनवाणी, डोक्यावरचा पदर सावरत, दुकानाची पायरी उतरून त्या पाटलांच्या मळ्याकडे चालू लागल्या. कमलीबाई मागून धावली. शेठाणी भर सकाळी एकट्या रस्त्यानं निघालेल्या पाहून दोन-चार माणसंही मागं लागली.

मळ्याच्या वाटेवर पोलीस पाटील, हिंमतराव आणि हात बांधलेला खात्या निघायच्या तयारीत होते. जमनाबाई विहिरीपाशी होती.

"हिंमतराव, थांबा," उमरावबाई म्हणाल्या. "माणूसले सोडा. त्यानी काही नही करं."

"मंग कोनी करं?" हे जमनाबाईनं विचारलं, सगळ्यांपुढे, मोठ्यानं.

उमरावबाई उत्तर न देता कांद्याच्या वाफ्यांत शिरल्या. पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी खाली बघत होत्या. जन्मात ज्याला हात लावला नव्हता त्या कांद्याची एक हिरवी, ताठ, धडधाकट दिसणारी पात त्यांनी बुडाशी धरली. जराशी चाचपली. मग तोडली आणि नखानं उभी चिरली.

"हाई देखा."

पातीच्या आत, भिंतीला चिकटून, तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब अशी पिवळट हिरवी अळी होती. तिच्यामागे काळ्या भुकटीची रेघ. अळीनं डोकं उचललं, इकडे तिकडे वळवलं आणि पुन्हा खाली घातलं.

पोलीस पाटील पुढे वाकले.

"आतून खातस," उमरावबाई म्हणाल्या. "बाहेरनी साल ठेवतस. एक पात सरनी की दुसरीमा जातस, म्हनीसन मरेल पातमा सापडत नही. मंग बाहेर येतस, पातवर जाळीनं घर बांधतस, त्यामधून पाखरू निंघस. ते पाखरू दिवसभर मन्ही भिंतले, मन्हा धुयेल लुगडाले बठेल ऱ्हास."

"तुमले कव्हयपासून माहीत शे?" जमनाबाईनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"महिना व्हयना."

"आनी वाटीमा?"

"पाखरेच व्हतात. घरमा पायखाल येतीन, चुलमा पडतीन. म्हनीसन मी रोज उचली उचली त्यासना खानावर सोडी देत व्हती." त्यांनी जमनाबाईकडे पाहिलं. "तुन्हा कांदावर. मी आधी सांगती तं तुम्ही त्यासले मारी टाकता. आते बी मारशात. ते पाप मन्हा तोंडथून जाई, म्हनीसन गप बठनू. पण माणूस बांधी लई जाई ऱ्हायनात, ते मन्हामुळे नको."

फाडलेली पात त्यांनी अळीसकट हलकेच मातीवर ठेवली आणि हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही. हिंमतरावांकडे तर त्या बघत नव्हत्या.

हिंमतरावांनी दहा पाती तोडून फाडल्या. सात पातींत अळी निघाली. त्यांनी स्वतः खात्याचे हात सोडले. "चूक व्हयनी," ते म्हणाले, पण ते पोलीस पाटलाकडे बघून म्हणाले. खात्या मनगट चोळत उभा राहिला. मग तो जमनाबाईकडे वळला. "बाई, तुमले ते औषध माहीत व्हतं," एवढंच बोलला. कमलीबाईनं त्याला हाताला धरून नेलं.

जमनाबाईला तो शब्द कानफटीत बसल्यासारखा लागला.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या वाफ्यांतली पात बोटभर ठेवून कापली गेली. बांधावर ढीग रचून हिंमतरावांनी पेटवला. ओली पात जळेना, नुसती धुमसत राहिली, आणि वारा गावाकडे वाहत होता. उग्र धूर सरळ उमरावबाईंच्या भिंतीवर गेला. खिडकी बंद होती. मधे एकदा जमनाबाईला वाटलं, काठ्यांनी लोटून ढीग दुसऱ्या बाजूला हलवावा. तिनं गड्यांना तसं सांगितलं. तोवर निम्म्याहून जास्त जळून गेलं होतं.

संध्याकाळी कळलं की उमरावबाईंनी तेला धरला आहे. तीन दिवस अन्नाचा कण नाही, नुसतं उकळून निववलेलं पाणी. त्या पाण्यासाठी रिखबचंद गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मचूळ विहिरीवर जात होता. जमनाबाईनं मधल्या दिवशी गड्याबरोबर आपल्या विहिरीचे दोन हंडे पाठवले. ते परत आले नाहीत, ठेवून घेतले गेले.

या तीन दिवसांत गावात बोलणं चालूच होतं. शेठाणीनं मुद्दाम पाखरं सोडली, असं काही जण म्हणत. काही म्हणत, रोप माहेराहून आलं तेव्हाच कीड आली असणार. जमनाबाईला दोन्ही खरं वाटायचं. तिनं माहेरी निरोप धाडून विचारलं. भावाचा उलटा निरोप आला, की आमच्याकडे यंदा काहींच्या पाती पांढऱ्या पडल्या खऱ्या, पण आम्ही तो करपा रोग समजलो.

चौथ्या दिवशी सकाळी उमरावबाईंचं पारणं होतं. जमनाबाई मागच्या दारानं गेली. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे खोल गेलेले, हातात मुगाच्या पाण्याची वाटी. त्यांनी तिला बसायला पाट दाखवला. जमनाबाई बसली. वाटीतलं पाणी घोट घोट संपत होतं.

"खात्या गया," जमनाबाई म्हणाली. "काल. बायकोले लईसन पाडावर गया. यांनी ऱ्हाय म्हनं, तो ऱ्हायना नही."

"माले सांगं कमलीनी."

"काकी, एक इचारू?"

"इचार."

"खात्याले धरं नसतं, ते तुम्ही सांगं असतं का? मन्हा सगळा कांदा मरी गया असता तरी?"

उमरावबाईंनी वाटी खाली ठेवली. विचार केला. जमनाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांनी हो म्हणावं असं तिला फार वाटत होतं. हो म्हणाल्या असत्या तर खोटं असलं तरी तिनं ते घेतलं असतं.

"माले माहीत नही, जमना," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी हाईच इचार करं. माले खरंच माहीत नही."

जमनाबाई उठली. पदर खोचला. दारापर्यंत जाऊन थांबली आणि म्हणाली, "पानी आपलीच विहीरवरून न्या. रिखबले तिकडे धाडू नका."

उमरावबाईंनी मान हलवली.

कांदा उरला तो चैत्रात निघाला, सुपारीएवढा बारीक. जमनाबाईनं तो सगळा घरातच वापरला, कुणाला वाटला नाही. पुढच्या वर्षी हिंमतरावांनी त्या तुकड्यात कपाशी लावली, आणि तिनं हरकत घेतली नाही. मात्र त्याच वर्षी भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या भिल्लांच्या बाजाराला गाडी निघाली, तेव्हा ती हट्टानं सोबत गेली आणि चार पाड्यांच्या माणसांना खात्याची विचारपूस करत फिरली. तो गुजरातकडे लाकूडतोडीला गेला होता, असं कुणीतरी सांगितलं. कमलीबाई भेटली. औषध ओळखूनही आपण गप्प राहिलो, ते चुकलं, हा जमनाबाईचा खात्यासाठीचा निरोप तिनं ऐकून घेतला, पण पोचवीन असं काही म्हणाली नाही.